पावणेसहाचं दार

रविवार, ५ जानेवारी

ही वही म्हणजे कंपनीचं जुनं मेंटेनन्स रजिस्टर. पानापानावर तीन रकाने छापलेले आहेत: तक्रार, कारण, केलेलं काम. अर्धं कोरं राहिलं होतं म्हणून उचलून आणलं. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय; रकान्यात लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं. डायरी आयुष्यात कधी लिहिली नाही, पण आज ताईच्या घरात बोलायला कुणी नाही. भाचरं आहेत, पण दोघांच्या कानात इयरफोन.

ताईला काल दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात पोचवून आलो. मंगळवारी मणक्याचं ऑपरेशन. दाजी जहाजावर, मार्चशिवाय येत नाहीत. मी सडाफटिंग, तेव्हा मुलांजवळ राहायला मीच. मोठी दहावीत, धाकटा आठवीत. मला वाटलं होतं एवढ्या वयाची मुलं म्हणजे काही त्रास नाही.

डॉक्टरांनी निघताना बाजूला घेऊन सांगितलं, "चार आठवडे पाठ टेकून. मध्येच उठल्या तर पुढच्या चालण्याची हमी मी देत नाही." तेवढ्यात ताई खाटेवरून ओरडली, "शाळेतून पोरांची एक तक्रार आली ना, तर मी उठून घरी येईन हां!" डॉक्टर हसले. मी नाही हसलो. शाळेत असताना मी एकदा वही विसरलो होतो, तर ही बाई अंगात ताप घेऊन ती वही पोचवायला पायी आली होती. ती उठून येईल.

दुपारी हात रिकामे होते म्हणून घरातली कामं काढली.
न्हाणीघरातला नळ: वॉशर बदलला.
मोठीच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय: स्क्रू.
स्वयंपाकघराचं मागचं दार: बिजागऱ्या शेजारपाजारी ऐकू जातील इतक्या करकरत होत्या. तेल घातलं. आता लोण्यासारखं फिरतं.

ताईनं सूचनांची दोन पानं लिहून दिलीत. गॅसचा नंबर, गणवेश कुठे, धाकट्याला दुधावरची साय चालत नाही. उठवण्याबद्दल अक्षर नाही. म्हणजे त्यात काही विशेष नसावं.

सोमवार, ६ जानेवारी

विशेष आहे.

शाळेचं फाटक सात दहाला बंद होतं. सहाला हाक मारली. सव्वासहाला खोलीत गेलो. "उठलीस का?" मोठी म्हणाली, "हं." आमच्या धंद्यात 'हं' म्हणजे होकार असतो, मी अंडी उकडायला गेलो. साडेसहाला बघतो तर बाईसाहेब होत्या तशाच, आणि धाकटा उशी डोक्यावर घेऊन. मग जी तारांबळ उडाली ती लिहिण्यासारखी नाही. फाटकाशी पोचलो तेव्हा सात सोळा. लेटमार्क एक.

फाटकावरच्या बाई म्हणाल्या, "दहा लेटमार्क झाले की आम्ही पालकांना फोन करतो."

"पालक मीच आहे सध्या."

"रजिस्टरला आईचा नंबर आहे."

"बदलून घ्या ना."

"आईची सही लागेल, स्वतः येऊन."

मी म्हटलं, आईला येता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो? त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

बुधवार, ८ जानेवारी

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काल संध्याकाळी नर्सनं ताईला फोन धरून दिला. आवाज खोल गेलेला, पण पहिला प्रश्न, "शाळा नीट चाललीय ना?" मी म्हटलं, एकदम. तेव्हा दोन लेटमार्क झाले होते, आज तीन.

मोठी तिच्याशी पाच मिनिटं बोलली, परीक्षेचं वगैरे. धाकट्यानं फोन हातात घेतला नाही. "मी अंघोळीला चाललोय," म्हणाला. संध्याकाळी सातला कसली अंघोळ? आई एवढी विचारत होती तरी आला नाही. आजकालच्या पोरांना काही वाटतच नाही की काय, मला कळत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

काल पाय धरून ओढून काढलं दोघांना, वेळेवर पोचली. पण मोठी दिवसभर माझ्याशी बोलली नाही, शिवाय माझ्या खांद्यात चमक भरली. म्हणून आज घड्याळं. बाजारातून तीन आणली, रिकाम्या पातेल्यात ठेवली, वर ताट झाकलं. पावणेसहाला असा काही खणखणाट झाला की समोरच्या काकू गाऊन सावरत आल्या. "कुणी पडलं का?" म्हणाल्या. मुलं झोपलेली.

म्हणजे झोपलेली होती की नाही, इथेच माझा गोंधळ होतोय. मी ताट काढायला वाकलो तेव्हा मोठीचे डोळे उघडे होते. छताकडे बघत होती. मी "उठ की!" म्हटल्याबरोबर मिटले. जागं माणूस पडून का राहील? थंडी म्हणावी तर पांघरूण पायाशी. मोबाईल म्हणावा तर तो रात्री दहाला मीच काढून घेतो.

लेटमार्क चार. तक्रारीचा रकाना भरला, कारणाचा कोरा.

सोमवार, १३ जानेवारी

पाच. सकाळी दोघांच्या तोंडावर पाणी शिंपडलं. धाकटा रागानं लाल झाला. "आई असं कधीच करत नाही!"

"मग आई काय करते?"

"काहीच नाही करत!"

संध्याकाळी ताईला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तू यांना उठवतेस कशी?"

"मी कशाला उठवू? उठतात आपली आपली."

मला वाटलं औषधांचा अंमल असेल. "आपली आपली?"

"हो की. मी पावणेसहाला मागचं दार उघडते, दूध आत घेते, चहा ठेवते. तोवर दोघं तोंड धुवत असतात. का रे? उठत नाहीत का?" आवाजात लगेच धार आली. "खरं सांग. मी येऊ का?"

"अगं, कोंबड्याच्या आधी उठतात! चहाचं आधण किती घालतेस तेवढं विचारायचं होतं."

खोटं बोलून कपाळाला घाम आला. पण 'आपली आपली' म्हणजे काय, हे काही डोक्यात शिरत नाही. माझ्यासाठी वेगळी मुलं ठेवून गेलीय का ही?

मंगळवार, १४ जानेवारी

आमच्याकडे एक पद्धत आहे. बिघाड सापडत नसेल तर लिफ्ट चांगली चालत होती तेव्हा जे जे होत होतं, ते ते त्याच क्रमानं करून बघायचं. आज तेच केलं.

पाच चव्वेचाळीसला मागच्या दाराशी उभा राहिलो. पावणेसहाला दार उघडलं, दुधाची पिशवी आत घेतली, दार लावलं, चहा ठेवला, अगदी ताईच्या मोजमापानं. ताईच्या सपाताही घातल्या, टाच बाहेर लोंबत होती तरी. त्यांचा फटफट आवाज करत ओट्यापासून टेबलापर्यंत चारदा गेलो. शंका नको म्हणून दोनदा खोकलो, ती खोकते तसा.

काही नाही. चहा उकळून काळा झाला.

सहा वीसला शेवटी खोलीत शिरलो तर मोठी उशीवरून डोकं न उचलता म्हणाली, "मामा, तू आईच्या सपाता का घातल्यात?"

"तुला कसं कळलं?"

"ऐकू आल्या."

म्हणजे जागी होती! मी चिडून विचारलं, "मग उठायला काय झालं होतं?" तिनं जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "माहीत नाही." खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती नाक खाजवते, लहानपणापासून. आज वेळेवर पोचलो, पण कशामुळे ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा माझी दया आली.

गुरुवार, १६ जानेवारी

काल सहा, आज सात. मोठीनं स्वतःच युक्ती काढली होती, दोघं गणवेश घालून, मोजेसुद्धा चढवून झोपली. उठायला तेवढाच उशीर झाला, फक्त शाळेत चुरगळलेली पोचली. तिला स्वतःलाच रडू आलं. "मला उठायचं असतं मामा," म्हणाली, "पण सकाळ झालीय असं वाटतच नाही." मी खिडकीकडे बोट दाखवलं. उजाडलं होतं, दूधवाला येऊन गेला होता, रस्त्यावर बस उभी होती. आणखी कसली सकाळ हवी असते माणसाला?

धाकट्याला समोरच्या काकूंनी विचारलं, आई कधी येणार. तो म्हणाला, "येईल तेव्हा कळेलच." फार तुटक बोलतो हल्ली.

रविवार, १९ जानेवारी

शुक्रवारी वेळेवर, कारण गुरुवारी धसका घेऊन मी दोघांच्या मधे सतरंजी टाकून झोपलो आणि पहाटेपासून बडबड करत राहिलो. हे रोज जमणार नाही, दुपारी लिफ्टच्या मोटरखोलीत उभ्या उभ्या डुलकी लागली.

आज सुट्टी. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर मोठी मागचं दार उघडत होती आणि लावत होती. उघडत होती, लावत होती. सावकाश, कान देऊन.

"अगं, धूळ येते आत. काय चाललंय?"

"हे तू केलंस?"

"मग! तेल घातलं. तुझ्या आईनं किती वर्षं तसंच ठेवलं होतं कुणास ठाऊक." मला जरा अभिमान वाटला, घरात कुणीतरी माझं काम पाहिलं होतं. "बघ, बोटानं ढकललं तरी फिरतं."

ती म्हणाली, "छान झालंय." नाक खाजवलं आणि आत गेली. न आवडण्यासारखं त्यात काय आहे, समजलं नाही. पोरींच्या मनात काय चालतं ते शोधायचं मीटर अजून निघालेलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

काल आठ. आज नऊ. उद्या किंवा परवा एक, की शाळेचा फोन ताईच्या उशीशी वाजणार.

आज सकाळी माझा तोल गेला. धाकट्याचं पांघरूण खेचून फेकलं आणि ओरडलो, "तुमच्या आईची पाठ तुमच्या हातात आहे! ती तिथून उठली तर जन्माची अधू होईल! कळतंय का?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खांदे हलत होते. मोठीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीबाहेर आलो. तेरा वर्षांच्या पोराला काय बोललो मी? दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुपारी एका इमारतीत गेलो. चांगली चालणारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडायला लागली होती. मी नेहमीप्रमाणे वॉचमनला पहिला प्रश्न विचारला, "बिघडायच्या आधी शेवटचा हात कुणी लावला होता?" त्यानं सांगितलं, रंगारी आले होते. झालं, दाराच्या फटीत वाळलेला रंग. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी मुलं शिकवणीला गेली तेव्हा हे रजिस्टर उघडून बसलो. आजची नोंद करायच्या आधी मागची पानं चाळली, कुठे काही सुटलंय का बघायला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते मला पहिल्याच पानावर सापडलं, माझ्याच अक्षरात. सहा तारखेपासून मुलं उठत नाहीत. पाच तारखेला शेवटचा हात कुणी लावला होता?

मीच की.

ताई काही करत नव्हती हे खरं होतं. ती दार उघडत होती, एवढंच. बाकी सगळं ते दार करत होतं. आणि मी तिच्या सपाता घालून, खोकून...

मग कामाला लागलो. बिजागऱ्यांच्या खिळ्या काढल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या, पुसल्या, साबणानं धुतल्या, पुन्हा पुसल्या. दार गप्प. चांगल्या तेलाचं हेच असतं, जात नाही. मिठाचं पाणी लावून वाळवल्या, सँडपेपरनं चरे पाडले. बावीस वर्षं आवाज घालवण्याचे पैसे घेतो, आवाज आणायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. सातव्या खेपेला एक बारीक चिरका सूर निघाला. आठव्या खेपेला दार करकरलं, पाच तारखेला करकरलं होतं तसं. मुलं यायच्या आत हत्यारं आवरली. त्यांना काही सांगितलं नाही, आधी चाचणी.

बुधवार, २२ जानेवारी

पावणेसहाला दार उघडलं. अर्ध्यात असतानाच करकर आवाज घरभर गेला.

आतून धप्प. पावलं. मी दुधाची पिशवी घेऊन वळेपर्यंत धाकटा स्वयंपाकघराच्या दारात, अनवाणी, केस उभे, चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा उजळलेला.

"आई!"

मग त्याला मी दिसलो.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याचा चेहरा हळूहळू विझत गेला आणि मी पिशवी हातात धरून बघत राहिलो. पाठीमागे मोठी आली होती, तिलाही धाप लागली होती, पण तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे, आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

धाकटा जमिनीवर बसला आणि मोठ्यानं रडला. अठरा दिवसांचं. "मला वाटलं न सांगता आली," म्हणत होता. "येईल तेव्हा कळेलच" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्या शेजारी बसलो. मला रडता येत नाही असं मला वाटायचं.

"चुकलं माझं," म्हटलं. "दाराचा आवाज मीच बंद पाडला होता. कालचं बोललो तेही चुकलं."

मोठी म्हणाली, "मी जागीच असायचे मामा. पडून राहायचे. वाटायचं, अजून दार वाजलं नाही, म्हणजे आई उठायचीय." मग म्हणाली, "आपण उठलो असतो तर ती नाहीये हे नक्की झालं असतं ना."

मी चहा ठेवला.

सहा पन्नासला कंपनीच्या गाडीत मागे तारांच्या गुंडाळ्यांवर दोघांना बसवलं. फाटकावर सात पाच. बाईंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाजूला झाल्या. लेटमार्क नऊच.

उतरताना धाकटा म्हणाला, "उद्यापासून दार मी उघडणार."

"का रे?"

"म्हणजे कोण आहे ते मला माहीत असेल."

शुक्रवार, २४ जानेवारी

काल आणि आज पावणेसहाला धाकट्यानं दार उघडलं. आवाजानं मोठी उठली. आवाजानं मीही उठलो. दार उघडायच्या आधी हा उठतो कसा, तेवढं मात्र मला अजून समजलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "ड्युटी आहे."

संध्याकाळी ताईचा फोन त्यानं माझ्या हातातून ओढून घेतला. अर्धा तास बोलला. काय बोलला ते दार लावून बोलला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ताई घरी आली. कमरेला पट्टा, पण स्वतःच्या पायांनी तीन पायऱ्या चढली. खाली आम्ही तिघं हात पसरून उभे होतो, तर म्हणाली, "सरका, मी काय कपाट आहे?" अजून दोन आठवडे पडून राहायचंय. नऊ लेटमार्कांचं अजून सांगितलेलं नाही. पट्टा निघाला की सांगू असं तिघांचं ठरलंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पावणेसहाला मी जागाच होतो. आज काय होतंय याची धास्ती होती. आई घरात, मग आता हा कशाला उठेल?

उठला. दार करकरलं. दूध आत आलं. न्हाणीघरात मोठीनं नळ सोडला. धाकट्यानं चहाचं आधण ठेवलं आणि आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, ती जागी झाली का बघायला. मी त्याच्या मागे, मोठी तोंडात ब्रश घेऊन माझ्या मागे.

ताईनं डोळे उघडले. आम्हा तिघांना पाहिलं, मोठीच्या तोंडातला ब्रश पाहिला, घड्याळ पाहिलं. समाधानानं उशीत डोकं मागे टाकलं आणि मला म्हणाली,

"महिनाभर राहिलास ना रे घरात? लिफ्टवाला म्हणवतोस! त्या मेल्या मागच्या दाराला थेंबभर तेल घालायला काय झालं होतं तुला?"

मोठीचा ब्रश खाली पडला. धाकट्यानं माझा हात घट्ट धरला, माझ्या खिशात तेलाची कुपी असेल तर काय घ्या.

तक्रार: मागचं दार करकरतं.
कारण: माहीत आहे.
केलेलं काम: काही नाही.